भाता

मोटारीला आम्ही भाता बसविला होता, असे सांगितले की ऐकणारा प्रथम हसतो आणि मग विचारतो, "कशासाठी?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला त्या वेळी देता आले नव्हते, आजही देता येईल असे वाटत नाही.

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. डिचोलीच्या रस्त्यांवरून खनिज वाहणारे ट्रक एकाएकी दिसेनासे झाले. पुढल्या उन्हाळ्यात रस्त्याकडेची झाडे प्रथमच हिरवी दिसली, आणि अधूनमधून तिकडे जाणाऱ्या आम्हा पेडणेकरांना ते पाहून बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु डिचोलीत माझा एक जुना स्नेही आहे. त्याचा दुरुस्तीचा कारखाना या ट्रकांवरच चाले. त्याला सारे 'मेस्त' म्हणत, मीही तेच म्हणतो. त्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो एक पाना रॉकेलने धूत बसला होता. पाना स्वच्छच होता.

"ट्रक येवपाचे बंद जाले," तो म्हणाला, "हातांनी कितें करप?"

फळीवर ट्रकांचे दोनतीन टर्बोचार्जर पडले होते. मी सहज विचारले, यांतला एखादा आमच्या मारुतीला बसेल का? मेस्त बऱ्याच दिवसांनी हसला. ट्रकाच्या टर्बोचे चाक फिरविण्याइतका धूर त्या एवढ्याशा इंजिनातून निघायचाच नाही, असे त्याने मला समजावले. मग पाना खाली ठेवून तो म्हणाला, "सुपरचार्जर घालूंक मेळटलो."

इंजिनाची ताकद ते किती हवा आत घेते यावर अवलंबून असते. हवेच्या मानानेच पेट्रोल जाळता येते. एरवी इंजिन हवा स्वतः ओढून घेते. सुपरचार्जर ती दाबून आत घालतो, लोहार भात्याने आगीत वारा घालतो तसा. ही उपमा मी सजावटीसाठी घेतलेली नाही. अमेरिकेतील इंडियाना प्रांतात रूट्स नावाच्या दोघा भावांनी 1860 साली ज्या पंख्याचे पेटंट घेतले, तो भट्ट्यांना आणि खाणींना वारा पुरविण्याच्या कामी येई. एकमेकांत गुंतून फिरणारी दोन चाके, एवढीच त्याची रचना. पुढे 1921 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या मोटारी मांडल्या, आणि लोहाराचा वारा श्रीमंतांच्या गाड्यांत शिरला.

आमची गाडी श्रीमंतांची नव्हती. वडिलांनी शिक्षकाच्या पगारातून शिल्लक टाकून ती 1996 साली घेतली होती. तीन सिलिंडर, 796 घन सेंटिमीटर, अश्वशक्ती चाळिसाच्या आतबाहेर. चार स्ट्रोकच्या इंजिनाला एकदा पूर्ण श्वास घ्यायला दोन फेरे लागतात. म्हणजे एका फेऱ्याला फार तर 400 घन सेंटिमीटर हवा. मेस्तने मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून जो जपानी पंखा आणविला, तो एका फेऱ्याला 500 घन सेंटिमीटर हवा लोटणारा होता. दोन्ही सारख्याच गतीने फिरविले तर चौथा हिस्सा हवा जास्त. कागदावर हा हिशेब फारच देखणा दिसला.

वडिलांना मी सांगितले की क्लचचे काम निघाले आहे.

ते काम महिनाभर चालले. पंखा धरून ठेवणारी पहिली पट्टी 6 मिलिमीटरची होती. इंजिन गती घेऊ लागले की ती वाके, आणि पट्टा निसटून पडे. दुसरी 10 मिलिमीटरची केली, तिला तिरका आधार दिला. कप्प्या मेस्तने लेथवर स्वतः कातल्या. कार्ब्युरेटर पंख्याच्या अलीकडे ठेवला, म्हणजे त्याला दाब सोसावा लागत नाही. मात्र पेट्रोल मिसळलेली हवाच मग पंख्यातून जाते. ती मागल्या मागे पेटली तर पंखा फुटायचा. म्हणून वाटेत स्प्रिंगवर दाबलेले एक झाकण बसविले. पहिल्याच सुरुवातीला ते झाकण बंदुकीच्या बारासारखे उघडले आणि मेस्तची कोंबडी दोन दिवस अंगणात फिरकली नाही. मग डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी थोडी उशिरा पडेल असे केले, जेट मोठे केले. त्या दिवसांत मेस्त वेळेवर जेवत नसे, आणि त्याची बायको त्याबद्दल तक्रारही करीत नसे.

असा फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणणे कायद्याला मंजूर नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम त्याबाबत स्पष्ट आहे. कारखान्यामागे मेस्तच्या मावसभावाची काजूची बाग होती. तिच्यातल्या जांभ्याच्या चढणीवर आम्ही गाडी चालविली. जिथे पूर्वी पहिला गिअर घालावा लागे, तिथे ती दुसऱ्यात चढली. बॉनेटखालून एक बारीक, उंच सूर निघे. मेस्त वर उभा राहून कान देऊन ऐके. "वारें चड घालूंक सोंपें, बाब," तो म्हणे, "तें सोंसपाक इंजिन जाय." खडखड आवाज आला की पाय काढ, एवढेच त्याचे मला सांगणे होते.

चौथ्या रविवारी, भर दुपारी, तो आवाज आला. डब्यात खडे हलवावेत तसा. इंधन ज्वाळा पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप पेटत होते. मी ओळखले, आणि तरीही पाय काढला नाही. चढण चारच हात उरली होती. माथ्यावर पोहोचलो तेव्हा रेडिएटरमध्ये पाणी बुडबुडत होते. हेडचे गॅस्केट गेले होते.

मंगळवारी वडील म्हापशाला बस बदलून डिचोलीत आले. क्लचला इतके दिवस का लागतात हे त्यांना पाहावयाचे होते. मी खोटे बोलण्याच्या तयारीत होतो. पण बॉनेट उघडे होते आणि पंखा वरच बसलेला होता.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. "मेस्त, हे काय आहे?" त्यांनी विचारले. मेस्तने प्रथम खाली मान घातली. मग त्याने खडू घेतला आणि जमिनीवर दोन चाके काढली. तासभर तो बोलत होता. वडील मधूनच एखादा प्रश्न विचारीत, वर्गात विचारीत तसा. पट्टीचा तिरका आधार त्यांनी बोटाने चाचपून पाहिला. "हे काम चांगले झाले आहे," ते म्हणाले.

परतताना बसमध्ये ते मला म्हणाले, "आधी विचारले असतेस तर मी नाही म्हटले असते. म्हणूनच विचारले नाहीस ना?"

मी होय म्हणालो. पेडणे येईपर्यंत आम्ही पुन्हा बोललो नाही.

मेस्तने नवे गॅस्केट घालून गाडी पूर्ववत करून दिली. मजुरी घेतली नाही; पट्टीचे पैसेही घेतले नाहीत. वडिलांनी ती आणखी सहा वर्षे चालविली. मेस्त आता भाड्याच्या मोटारी दुरुस्त करतो. त्यांना ब्रेक आणि बंपर सोडून दुसरे दुखणे क्वचितच असते, असे तो म्हणतो. पंखा त्याने विकलेला नाही; तेल लावून, गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवला आहे. गेल्या चतुर्थीला भेटलो तेव्हा त्याने मला बाजूला घेतले.

"गॅस्केट दाट घालया, आनी पट्टो रुंद," तो म्हणाला. "मागीर पळोवया."