परिचारिकेचें पुढारीपण

येथील शिक्षण संपवून आमच्या कांहीं विद्यार्थिनी, व अलीकडे कांहीं विद्यार्थीही, परिचारिकेचा व्यवसाय पत्करितात. त्यांचे पालक आम्हांस सल्ला विचारावयास येतात, तेव्हां बहुधा म्हणतात, "मुलगी सोशिक आहे, सांगितलेलें ऐकते, मग हें काम तिला जमेल ना?" सोशिकपणा व आज्ञाधारकपणा हे गुण लहान नव्हेत, परंतु तेवढ्यानें शुश्रूषा पुरी होते असें समजणें बरोबर नाहीं, व ह्या समजुतीची किंमत कधीं कधीं रुग्णास मोजावी लागते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ह्या व्यवसायास आजचें स्वरूप देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचेंच उदाहरण घ्या. क्रिमियन युद्धाच्या वेळीं, १८५४ च्या नोव्हेंबरांत, त्या ३८ परिचारिकांसह स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयांत पोंचल्या. तेथील डॉक्टरांस ह्या स्त्रिया नकोशा होत्या. बाईंनीं तंटा केला नाहीं. डॉक्टरांनीं स्वतः बोलाविल्याखेरीज कोणीही रुग्णास हात लावावयाचा नाहीं, असा त्यांनीं आपल्या सोबतिणींस दंडक घातला. लवकरच जखमी सैनिकांची रीघ लागली, आणि डॉक्टरांनींच त्यांस बोलाविलें. परंतु ह्याच संयमी बाई युद्धानंतर गप्प बसल्या नाहींत. बहुतेक सैनिक जखमांनीं नव्हे, तर टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मृत्यु पावले, हें त्यांनीं आंकडे गोळा करून १८५८ सालीं रंगीत आकृतीच्या साह्यानें राज्यकर्त्यांस दाखवून दिलें. कोठें थांबावें व कोठें बोलावें ह्याचा विवेक म्हणजेच पुढारीपण होय.

बोलावें तें मात्र नेमकें. पाळी बदलतांना एखादी गोष्ट सांगावयाची राहिली, तर ती दिवसभर राहून जाते. म्हणून आतां अनेक रुग्णालयांत सांगण्याचा क्रम ठरलेला असतो: काय घडलें, पूर्वीची हकीकत काय, मला काय वाटतें, व काय करावें. ह्यांतील शेवटचे दोन भाग नवख्या मुलीस जड जातात. डॉक्टर रागावतील ह्या भीतीनें "रुग्णास जरा बरें वाटत नाहीं" इतकेंच ती पुटपुटते. त्याऐवजीं, "चार नंबरच्या खाटेवरील रुग्णाचा रक्तदाब तासाभरांत १२० वरून ९० वर आला आहे, काल त्यांच्या पोटाचें ऑपरेशन झालें, आंत रक्तस्राव होत असावा असें मला वाटतें, आपण आतांच येऊन पाहावें," असें ती म्हणाली, तर तो उद्धटपणा नव्हे, तिचें कर्तव्य होय. टेलिफोनवर सांगितलेलें औषधाचें प्रमाणही लिहून घेऊन परत वाचून दाखवावें. 'फिफ्टीन' व 'फिफ्टी' ह्यांतील घोटाळा त्याच क्षणीं उघडकीस येतो.

आणखी एक कर्तव्य म्हणजे मागून येणारीस हात देणें. नाइटिंगेलबाईंच्या नांवाची शाळा १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत निघाली. प्रकृति खालावलेली असतांही १८७२ पासून त्या तेथील विद्यार्थिनींस उपदेशपर पत्रें लिहीत असत. पॅट्रिशिया बेनर ह्या अमेरिकन विदुषींनीं १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत नवशिकीपासून निष्णात होईपर्यंतच्या पांच पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या केवळ पुस्तकें वाचून चढतां येत नाहींत. त्यांस अनुभव लागतो, व अनुभवी सोबत मिळाली तर चढण सोपी होते. "तुला काय दिसलें?" असें वडील परिचारिकेनें विचारावें, व तिला न दिसलेलें मग दाखवावें. चुकलेल्या मुलीस सर्व वॉर्डापुढें रागें भरलें, तर ती पुढची चूक लपवील. आणि लपविलेली चूक रुग्णास बाधते.

विद्यार्थिमित्रहो, हे गुण गणवेष चढविल्यावर एकाएकीं येत नाहींत. वर्गांत न समजलेलें उभें राहून विचारणें, निरोप जसाच्या तसा पोंचविणें, खालच्या इयत्तेंतील मुलाचें गणित आपण सोडवून न देतां त्यास सोडवावयास लावणें, हाच त्यांचा पहिला अभ्यास होय. पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगी घरांत आपलें मत नम्रपणें सांगूं लागली, तर उलट बोलते म्हणून तिला गप्प करूं नये. पुढें एखाद्या रात्रीं कोणा परक्याचा जीव तिच्या त्याच बोलण्यावर अवलंबून असेल.