कळ कुठवर उतरली?

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या माझ्या दवाखान्यात सायटिकाचा रुग्ण आला की आधी एमआरआयचं मोठं पाकीट पुढे करतो. ‘मणक्यात गॅप आलाय’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. मी पाकीट बाजूला ठेवते आणि म्हणते, कळ कुठवर उतरते ते बोटाने दाखवा. कुणाचं बोट कुल्ल्यावरच थांबतं, कुणाचं मांडीच्या मागून पोटरीवर, कुणाचं थेट अंगठ्यापर्यंत जातं. धमतरीकडची, रोवणीत दिवस दिवस ओणवी राहिलेली बाई ‘कनिहा पिरावत हे’, कंबर दुखतेय, म्हणून सुरुवात करते, पण तिचं बोट घोट्याच्या बाहेरच्या कडेला जाऊन टेकतं. तात्यापाऱ्यातल्या आजी ‘उसण भरली’ म्हणतात आणि हात मात्र पोटरी चोळत असतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा भरवसा फिल्मपेक्षा त्या बोटाने काढलेल्या रेघेवर जास्त आहे.

कमरेच्या खालच्या दोन आणि त्रिकास्थीच्या वरच्या तीन मुळांपासून सायटिकाची शीर बनते. शरीरातली ही सर्वांत जाड शीर, जवळजवळ अंगठ्याएवढी. बहुतेक वेळा होतं असं की दोन मणक्यांमधली चकती फाटते, आतला मऊ गाभा मागे सरकतो आणि एखाद्या मुळाला भिडतो. दाब असतोच, शिवाय त्या गाभ्यामुळे मूळ सुजतं. कमरेचं पाचवं मूळ दुखावलं की कळ पावलाच्या वरच्या अंगाने अंगठ्याकडे जाते, अंगठा वर उचलायची ताकद कमी होते. कधी चालताना चप्पल पायातून निसटते. त्रिकास्थीचं पहिलं मूळ दुखावलं तर मुंग्या करंगळीकडे येतात आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही. म्हणजे कोणतं मूळ, हे रेघ सांगते.

फिल्म खोटी नसते. पण 1994 साली पाठदुखी अजिबात नसलेल्या 98 माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतल्या 52 टक्क्यांच्या निदान एका चकतीला फुगवटा आढळला. चकती फुगली आहे एवढं फिल्म सांगते, दुखतंय ते तिच्यामुळेच का, हे माणसाला तपासूनच कळतं. म्हणून उताणं निजवून गुडघा न वाकवता पाय उचलून बघायचा. साधारण 30 ते 70 अंशांच्या मधे कळ पायात धावली तर मूळ चिडलेलं आहे असं धरायचं. सर्बियाच्या डॉ. लाझारेविचने 1880 मध्ये आणि फ्रान्समध्ये डॉ. लासेगच्या शिष्याने 1881 मध्ये ही परीक्षा मांडली. गृध्रसीत, म्हणजे सायटिकात, पाय उचलणं अडतं, ही नोंद सुश्रुतसंहितेत त्याच्याही फार आधीची आहे.

मला सर्वांत जवळची वाटते ती न्यूझीलंडमधली 1956 ची हकिगत. रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टने पाय दुखणाऱ्या एका रुग्णाला पालथं निजायला सांगितलं. आधीच्या रुग्णासाठी टेबलाचं एक टोक वर केलेलं होतं. हा तसाच, कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत, पडून राहिला. मॅकेंझी परत येऊन बघतात तो पायातली कळ गेलेली, दुखणं कमरेच्या मध्यावर सरकलेलं. त्यातून एक मोठी गोष्ट हाती आली: दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेने चाललंय हे बघायचं.

रुग्णाला हे पटायला वेळ लागतो. व्यायाम सुरू केल्यावर एखादे काका घाबरून सांगतात, ‘मॅडम, पाय हलका झाला, पण कंबर जास्त दुखायला लागली.’ मला त्या वाक्याने फार आनंद होतो. कळ पोटरी सोडून मांडीत, मांडी सोडून कमरेत आली, म्हणजे मूळ मोकळं होतंय. उलट कमरेचं दुखणं थांबलं आणि पाऊल बधिर झालं, तर ते बरं होणं नव्हे. मात्र मागे वाकणं सगळ्यांना मानवत नाही. वयाने ज्यांची मणक्यातली नळी अरुंद झाली आहे त्यांना बसल्यावर, पुढे वाकल्यावर आराम पडतो. त्यांना पालथं घालून वाकवलं तर पाय आणखी भरून येतात. मोबाइलवर पाहिलेला एकच व्यायाम घरभर सगळ्यांनी करू नये तो यासाठी. आणि सुजलेल्या मुळावर पायाने तुडवून ‘नस बसवणाऱ्या’कडे तर मुळीच जाऊ नये.

अंथरूण धरून राहण्याचाही उपयोग नाही. नेदरलँड्समध्ये 183 रुग्णांवर ते तपासून झालं आणि 1999 मध्ये छापून आलं: दोन आठवडे पडून राहिलेले काही जास्त बरे झाले नाहीत. पंडरीच्या कापड बाजारात दिवसभर गादीवर बसणाऱ्यांना मी थोड्या थोड्या वेळाने उठून चार पावलं चालायलाच सांगते. नेदरलँड्समधल्याच 2007 च्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांचं दुखणं थांबून राहिलेल्यांपेक्षा लवकर शमलं, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले 95 टक्के रुग्ण बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन लागलंच. तेव्हा ऑपरेशनची घाई नको, तसा धसकाही नको.

एका बाबतीत मात्र थांबू नका. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली, पाऊल अचानक लुळं पडलं, तर माझ्याकडे येऊ नका, मालीशही करू नका. जीई रोडने सरळ टाटीबंधचं एम्स गाठा, त्याच दिवशी, रात्र असली तरी.