चौथा कोपरा

वऱ्हाडातला उन्हाळा कुणाला आवडत असेल, असे बाहेरच्या माणसाला वाटणार नाही. मे महिन्यात आमच्या वाशिम जिल्ह्यात पारा ४२-४३च्या वर जातो. सकाळी अकरापासून रस्ते ओस पडतात, कुत्रीसुद्धा नालीतल्या ओलाव्यात जाऊन पडतात. तरीही मंगरुळपीरच्या आमच्या मोहल्ल्यात वर्षभरातली सगळी देखणी कामे उन्हाळ्यातच होत. कारण साधे होते. शेतात निंदण नसायचे, कापसाची वेचणी कधीच संपलेली असायची, आमच्या शाळांना सुट्टी लागलेली असायची. बायकांना वर्षातून एकदा हक्काची दुपार मिळायची आणि त्या दुपारीही त्या कामच काढून बसायच्या. फक्त हे काम त्यांच्या आवडीचे असायचे.

सुरुवात भिंतींपासून व्हायची. अब्बा बाजारातून चुन्याची कळी आणायचे. पिंपात पाणी ओतले की ती खदखदायला लागायची. विस्तवाशिवाय उकळणारे ते पाणी पाहायला आम्ही पोरे पिंपाभोवती गर्दी करायचो आणि अम्मी ओरडून आम्हाला मागे ढकलायची. चुना थंड झाला की त्यात नीळ आणि थोडा सरस. खाली गेरूचा पट्टा, वर निळसर पांढरी भिंत. कोनाड्यांच्या कडा हिरव्या. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकल्या आणि कंदिलाचा उजेड त्या ओल्या चुन्यावर पडला की आमचे टिनाचे घर मला नवाबाच्या हवेलीसारखे वाटायचे.

मग आमच्या आपाचे काम सुरू व्हायचे. वर्षभर फुटलेल्या बांगड्या ती एका डब्यात जमवून ठेवायची. चिमणीच्या ज्योतीवर काच तापवून, वाकवून, एका तुकड्यात दुसरा अडकवून तिने दाराचा पडदा केला होता. बोटांना चटके बसायचे. वाऱ्याची झुळूक आली की पडदा किणकिण वाजायचा. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळून मणी, लोकरीचे तोरण, वायरच्या पिशव्या, क्रोशाच्या टोप्या, दस्तरख्वानाच्या कडेला रेशमी दोऱ्याची वेल. विकत आणलेली शोभेची एकही वस्तू आमच्या घरात नव्हती. शोभा मात्र होती.

आम्ही पिंजारी. माझे दादा धुनकी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरत. लाकडी मुठियाने तातीवर ठोका दिला की तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि दडपलेला कापूस धुक्यासारखा हलका होऊन उडायचा. उन्हाळ्यात लग्नसराईच्या गाद्या असायच्या, सावरीची बोंडे फुटली की उशा असायच्या. दादा अभिमानाने सांगायचे, आपण मन्सूरचे लोक. तेव्हा मला तो कोण ते ठाऊक नव्हते. पुढे वाचनात आले, की 'अनलहक' म्हणणारा आणि इ.स. ९२२मध्ये बगदादला ज्याचा वध झाला तो सूफी मन्सूर हल्लाज. हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. दादांना इतिहास येत नव्हता, पण आपल्या धंद्याची वंशावळ त्यांना पाठ होती.

तो धंदा आमच्या डोळ्यांदेखत गेला. पिंजायचे यंत्र आले, फोमच्या गाद्या आल्या. नव्वदच्या दशकात आमच्या भागात सोयाबीन वाढत गेले आणि घराघरांत कापसाने भरणारी खोली रिकामी राहू लागली. धुनकी आमच्या टिनाच्या आढ्याला टांगली गेली ती कायमची.

अम्मीची गोधडी मात्र चालू राहिली. तिला कापूस लागत नव्हता. रजईत कापूस असतो, गोधडीत माणसांचे कपडे. अब्बांची विरलेली लुंगी, दादीची ओढणी, माझी शाळेची खाकी चड्डी, शेजारच्या काकूंचे लुगडे, काकांचे धोतर. खाली मोठे अस्तर अंथरायचे, त्यावर जुनेर पसरायचे, सुरकुती राहू नये म्हणून चारी बाजूंनी दगड ठेवायचे, वरून चांगला तुकडा टाकायचा आणि मग धावदोरा. कडेने सुरुवात करून आत आत, चौकटीत चौकट. एका गोधडीला निम्मा उन्हाळा जायचा.

शिवण संपली की चारही कोपऱ्यांना दुहेरी कापडाचे त्रिकोणी तुकडे बसत. पांघरूण ओढताना ओढ तिथेच लागते, म्हणून गोधडी आधी कोपऱ्याला फाटते. तीन कोपरे अम्मी शिवायची. चौथ्याची कड ती उघडी ठेवायची. तो कोपरा काकूंचा.

यामागे रीत, श्रद्धा असे काही नव्हते. अम्मी लग्न होऊन आली तेव्हा तिला गोधडी येत नव्हती. तिच्या माहेरी रजया. पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी तिला शिकवले आणि कोपरा कसा दुमडायचा ते चौथ्या कोपऱ्यावर स्वतः करून दाखवले. पुढे अम्मीचा टाका काकूंहून बारीक झाला, तरी चौथा कोपरा काकूंकडेच राहिला.

१९८६ साली रमजान मे महिन्यात आला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकत जातो आणि साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत परततो. माझ्या आठवणीतला पहिला भर उन्हाळ्यातला रमजान तो. बाजेच्या गाताला शेवयांचे मशीन आवळून बसवलेले, एकाने दांडी फिरवायची, दुसऱ्याने खाली उतरणाऱ्या शेवया झेलून दोरीवर वाळत टाकायच्या. दुपारी ओसरीत गोधडी. काकू जोहरनंतर यायच्या, असरपर्यंत बसायच्या. त्यांना तहान लागली की त्या काही न बोलता उठायच्या, घरी जाऊन पाणी पिऊन परत यायच्या. आमच्या ओसरीत गार पाण्याचा माठ होता. एकदा अम्मी म्हणाली, "यहीं पी लो ना." काकू म्हणाल्या, "तुमच्या तोंडासमोर कशी पिऊ वं भाभी? घशाखाली उतरन तरी का?"

१९९३चा उन्हाळा वेगळा होता. डिसेंबरमध्ये अयोध्या झाली होती, डिसेंबर-जानेवारीत मुंबई पेटली होती. आमच्या गल्लीत काहीच घडले नाही. फक्त बोलणे कमी झाले. दारे लवकर लागू लागली. एप्रिलमध्ये अम्मीने नेहमीसारखी गोधडी टाकली. या वेळी काकूंकडून जुनेर आले नाही आणि अम्मीने मागितलेही नाही. मे महिन्यात तीन कोपरे झाले. गोधडी घडी करून ओसरीतल्या बाजेवर पडून राहिली. अब्बा चिडून म्हणाले, "चौथाही तूच शिवून टाक." अम्मीने मान वर केली नाही. "वो आएगी," एवढेच म्हणाली.

आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी काकू आल्या. काखेत काकांच्या जुन्या धोतराचे गाठोडे होते. बाजेवर बसल्या, गोधडी मांडीवर ओढली आणि म्हणाल्या, "भाभी, सुई द्या." त्या दोन तासांत दोघी कैरीच्या लोणच्याबद्दल बोलल्या. तेल यंदा महाग झाले, मोहरी किती घालायची, बरणीला दादरा कसा बांधायचा. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो, पेपर वाचत होतो, मोठमोठ्या गोष्टी कुणीतरी बोलाव्यात असे मला वाटत होते. आज वाटते, बोलायचे ते सगळे त्यांनी बोलून घेतले होते.

तीच गोधडी घेऊन जूनमध्ये मी शिकायला अमरावतीला गेलो. कारंजामार्गे एसटीने, ट्रंकेवर ती दोरीने बांधून. वसतिगृहातल्या खोलीत ती अंथरली तेव्हा एक मुलगा हसला. "हे काय, ठिगळांचं दुकान?" दुसऱ्याने विचारले, "तुम्ही पिंजारी का रे?" त्यांच्या मनात फार काही नसेल. मला मात्र ते लागले. महिनाभर एका घरी शिकवणी करून मी सोलापुरी चादर विकत घेतली. करडी, लाल काठाची. गोधडी ट्रंकेच्या तळाशी गेली. दिवाळीला ती घरी परत नेली आणि अम्मीला सांगितले, "तिथे सगळ्यांना एकसारख्या चादरी लागतात. नियम आहे."

"अच्छा," अम्मी म्हणाली. तिने गोधडी उन्हात टाकली, झटकली, घडी केली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, त्याच्या आसपासच माझी नोकरी पक्की झाली. २०११च्या फेब्रुवारीत इतर शिक्षकांप्रमाणे मलाही जनगणनेचे काम लागले. माझ्या गटात आमचाच मोहल्ला आला. नियमाप्रमाणे मी माझ्या घरी, माझ्या अम्मीसमोर तक्ता घेऊन बसलो. नाव, वय, धर्म. मग रकाना आला कामाचा. गेल्या वर्षभरात काही काम केले का?

अम्मी तेव्हा पासष्टीला आली होती. तिच्या मांडीवर आपाच्या नातवासाठी चाललेली दुपटी होती. तिने सुई थांबवली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "लिख दे बेटा, कुछ नहीं करती."

जनगणनेच्या व्याख्येत ते बरोबरच होते. घरच्या वापरासाठी केलेले असे काम 'काम' ठरत नाही, त्यासाठी 'घरकाम' असा वेगळा रकाना असतो आणि तो काम न करणाऱ्यांमध्ये मोडतो. मी तसे भरले. त्या रात्री मी हिशेब करत बसलो. वर्षाला दोन गोधड्या, चाळीस वर्षे. ऐंशी गोधड्या. आमच्या घरातली, आपाच्या सासरची, काकूंच्या घरची सगळी माणसे त्याखाली झोपली, त्यावर बाळंतिणी बसल्या, त्यात आजारी माणसे गुंडाळली गेली. आणि ज्याला यातले सगळे ठाऊक होते त्या माझ्याच हातून तिच्या नावापुढे ती नोंद झाली.

२०१९ साली रमजान पुन्हा मे महिन्यात आला. अम्मीला रोजे झेपत नव्हते. घर सिमेंटचे झाले होते, कूलर होता, शेवया दुकानातून आल्या. तिने तरीही गोधडी टाकली. काकू काकांच्या पश्चात अकोल्याला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. दोन उन्हाळे लागले तिला त्या गोधडीला. २०२०च्या टाळेबंदीत सगळे घरात असताना तिने तिसरा कोपरा संपवला. त्या हिवाळ्यात ती गेली.

पुढे बरेच दिवस ती पेटी उघडायचा धीर झाला नाही. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने सांगितले, इकडे प्रदर्शनांत गोधड्या हजारो रुपयांना जातात, दादीची मला द्या, मी भिंतीवर लावीन. म्हणून गेल्या उन्हाळ्यात पेटी उघडली. तीन कोपरे बंद, चौथा उघडा. उघड्या कडेतून आतले थर दिसत होते. एक थर करडा होता, लाल काठाचा. माझी सोलापुरी चादर. विटून, विरून चाळणी झालेली. ती घरात कुठे गेली हे मी कधी विचारले नव्हते. अम्मीने ती फेकली नव्हती. तिने त्या चादरीचे अस्तर केले होते. त्या 'नियमा'वर तिने एका क्षणासाठीही विश्वास ठेवला नव्हता, हे मला तेव्हा समजले.

बायको म्हणाली, मी शिवून टाकते. मी नको म्हणालो. गोधडी पिशवीत घातली आणि अकोल्याला गेलो. काकूंना आता नीट दिसत नाही. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, एकेक कोपरा चाचपला आणि चौथ्यावर थांबल्या.

"भाभीनं ठेवला होय माझ्यासाठी?"

"हो काकू."

"सुई ओवून दे बावा."

तीनदा दोरा चुकला, चौथ्यांदा मी ओवला. त्यांनी बोटांनी अंदाज घेत टाके घातले. बाहेर कूलर घरघरत होता, सून चहा टाकत होती. एक कोपरा शिवायला त्यांना तास लागला.

मुलीला मी कळवले, की गोधडी भिंतीवर लागणार नाही, पांघरायची असेल तर घेऊन जा. ती दिवाळीत आली आणि घेऊन गेली. २०२१ची जनगणना लांबली. ती होईल तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेन आणि काम लागलेच, तर कुठल्या तरी ओसरीत कुठली तरी बाई मला पुन्हा सांगेल, लिहा, काही करत नाही. रकाना मी बदलू शकत नाही. पण या वेळी तिच्या मांडीवर काय आहे, ते आधी विचारीन.

काकूंचे टाके वाकडे आहेत. ते तसेच राहू द्यायला मी मुलीला सांगितले आहे.