बियाण्याचं पोतं

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेतलेल्या कावडी राजराजेश्वराकडे चालल्या होत्या. अकोल्याचे रस्ते माणसांनी भरले होते आणि माझ्या दवाखान्यात एकही पेशंट नव्हता. मी ड्रॉवर उघडून पैसे मोजले. दोन दिवसांवर दुसऱ्या डेंटल चेअरचा हप्ता होता, आठवड्यावर असिस्टंटचा पगार. दोन्हींना पुरतील एवढे पैसे नव्हते. दवाखान्याचं ते तिसरं वर्ष.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली. दाढ किडली होती, पण कीड नसेपर्यंत पोचली नव्हती. सिमेंट भरून भागणार होतं. मी एक्स-रे उजेडात धरला आणि तोंडातून शब्द निघाला, "रूट कॅनाल". तो शब्द एक्स-रे पाहून आलेला नव्हता, ड्रॉवरमधून आलेला होता. मी लगेच शब्द मागे घेतला, तिची दाढ साधी भरून दिली. पण त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून दवाखान्याचा पैसा हा मला हिशेबाचा विषय वाटत नाही, निदानाचा वाटतो. डोक्यावर हप्ता असला की कीड असते त्यापेक्षा खोल दिसते.

माझी चूक साधी होती. वऱ्हाडात पैसा पिकाबरोबर येतो. दसरा-दिवाळीला सोयाबीन विकलं जातं, मग कापसाची वेचणी चालते, संक्रांतीच्या आसपास तूर निघते. त्या दिवसांत लोक अडलेली कामं उरकतात, कॅप बसवतात, म्हाताऱ्यांच्या कवळ्या करतात. खारपाणपट्ट्यातल्या गावांत तर विहिरीचं पाणीच खारट, त्यामुळे ओलीत फारसं नाही. वर्षाची बहुतेक मिळकत एका खरिपावर. जून उजाडला की तीच माणसं बियाण्या-खतात पैसा घालून बसतात आणि ठणकणारी दाढ लवंगेवर काढतात. "कापूस घरी आला का येतो, बाई," असं सांगून अर्ध्या उपचारावर उठून जातात. मी मात्र हिवाळ्यातली जमा पाहिली, ती बारा महिने तशीच राहील असं धरलं आणि कर्जावर चेअर घेतली.

वाट दाखवली ती बार्शीटाकळीकडच्या एका काकांनी. पुढच्या जूनमध्ये कवळी टोचते म्हणून ते आले होते आणि घरी जायची घाई करत होते, कारण गोणपाट भिजवायचं होतं. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करायची, ती ओली ठेवायची आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. सत्तर दाणे उगवले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. मी विचारलं, "घरचंच बियाणं?"

"हौ. मळणी झाली का बियाण्याचं पोतं येगळं काढतो. मंग घरी कितीबी नड असो, त्याले हात लावत नाई."

ते बोलणं मी दवाखान्यात उतरवलं. आता जमा चार वाटांनी जाते. कवळीसाठी पेशंटने दिलेली आगाऊ रक्कम पहिल्या वाटेने. काम पूर्ण होऊन तोंडात बसेपर्यंत तो पैसा माझा नाही, त्यातून आधी लॅबचं बिल जातं. दुसरी वाट कराची. २०१६-१७ पासून ५० लाखांपर्यंत जमा असलेल्या डॉक्टरांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची सोय आहे आणि आगाऊ कर एकदम १५ मार्चपर्यंत भरता येतो. सोय चांगली, पण कापसाच्या दिवसांत आलेला पैसा मार्चपर्यंत हाताशी राहिला तर खर्चून जातो. म्हणून तो त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकते. तिसरी वाट म्हणजे माझं बियाण्याचं पोतं. दिवाळी ते संक्रांत त्यात पाच महिन्यांचं भाडं, पगार आणि वीजबिल साठतं. चौथ्या वाटेने माझा पगार येतो. मार्गशीर्षात आणि श्रावणात तो सारखाच असतो.

नव्या यंत्रालाही मी आता गोणपाटाची परीक्षा लावते. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढणारं ओपीजीचं मशीन घ्यावं असं वाटलं, तेव्हा तीन महिने वहीत लिहिलं की किती जणांना बाहेर फोटो काढायला पाठवलं. त्यातून हप्ताही निघत नव्हता. मशीन घेतलं नाही. उपचार कुठे अडले नाहीत.

पैसा असा वेगळा ठेवताना मला गाडगेबाबा आठवतात. अमरावती माझं माहेर. तिथून भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचनला लहानपणी जत्रेला जायचो. बाबांनी पूर्णेकाठी घाट बांधला तो तिथेच. त्यांचं बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे गेलं आणि मामाची जमीन सावकाराने कशी गिळली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढे कीर्तनातून ते आयुष्यभर सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र गाडग्यात भाकर घेऊन खाल्ली. आपल्या हातून जाणारा पैसा आणि आपला पैसा यांतलं अंतर त्यांच्याइतकं स्वच्छ कोणी जगलेलं मला माहीत नाही. चेअरचं कर्ज फिटलं त्या वर्षी मी मुद्दाम ऋणमोचनला गेले, नदीत पाय सोडून बराच वेळ बसले.

गेल्या आषाढात तेल्हाऱ्याकडची एक बाई गाल सुजवून आली. पदराच्या गाठीत तीनशे रुपये होते. औषध लिहून घ्यायला आणि मग तेच वाक्य बोलायला ती तोंड उघडत होती. त्या आधी मीच म्हटलं, "दाढ आजच सुरू करू. पैसे कापूस घरी आल्यावर."

ते म्हणायची ऐपत मला पोत्याने दिली.