'पारंपरिक' लुआउ म्हणजे नेमका कोणता? एका तिकिटाच्या निमित्ताने हवाईचा इतिहास

१/
हवाई बेटांवर सुटीला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकापुढे एक प्रश्न येतो: लुआउ कोणता निवडावा? लुआउ म्हणजे हवाईची सामुदायिक मेजवानी. भोजन, गायन आणि हुला नृत्य यांची एक संध्याकाळ. एकट्या ओआहू बेटावर तिकीट लावून असे अनेक लुआउ होतात आणि त्यांतील बहुतेक स्वतःला 'पारंपरिक' किंवा 'अस्सल' म्हणवतात. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मावशीच्या कुटुंबासमवेत ओआहूला जाण्याचा योग आला. "तू इतिहास शिकतेस ना, मग तूच ठरव," असे म्हणून मावशीने निवड माझ्यावर सोपवली. तिकीट माणशी दीडशे डॉलरच्या पुढे. पाच माणसांची रक्कम रुपयांत मांडली, तर ती माझ्या एम. ए.च्या दोन्ही वर्षांच्या शुल्काहून अधिक भरत होती. 'पारंपरिक' या एका शब्दासाठी एवढे मोजायचे, तर तो शब्द आधी तपासून घ्यावा असे मला वाटले.

३/
प्रारंभ नावापासून करू. हवाईच्या भाषेत 'लुआउ' म्हणजे अळूचे कोवळे पान. होय, आपलेच अळू. कोंबडी किंवा ऑक्टोपस यांच्यासह नारळाच्या दुधात शिजवलेल्या या पानांच्या पदार्थालाही लुआउच म्हणतात. मेजवानीला मात्र पूर्वी 'पाइना' किंवा 'अहाआइना' असे म्हणत. पदार्थाचे नाव मेजवानीला चिकटल्याचा छापील पुरावा १८५६ च्या एका वृत्तपत्रात सापडतो. पंगतीत वाढलेल्या एका भाजीच्या नावाने सगळी पंगतच ओळखली जावी, तसा हा प्रकार.

४/
म्हणजे नाव दीडएकशे वर्षांचे. मग निदान मेजवानीची पद्धत तरी प्राचीन असेल? येथे इतिहास आपल्याला अनपेक्षित वळणावर आणून सोडतो. १८१९ पूर्वी हवाईत स्त्री आणि पुरुष यांनी एकत्र जेवणे निषिद्ध होते. 'आइ कापू' नावाच्या या नियमसंहितेनुसार पुरुषांचे भोजनगृह वेगळे, स्त्रियांचे वेगळे. डुकराचे मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी स्त्रियांना वर्ज्य होती. स्वयंपाक पुरुष करीत, आणि तोही दोन निरनिराळ्या भूमिगत भट्ट्यांत. नियमभंगाची शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शके.

५/
'पंक्तिभेद' हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. हवाईचा भेद स्त्री-पुरुषांमधला होता आणि त्याच्यामागे देवतांचा व राजसत्तेचा संपूर्ण डोलारा उभा होता. तो मोडला एका जेवणाने.

६/
बेटांना एका छत्राखाली आणणारा राजा कामेहामेहा मे १८१९ मध्ये निवर्तला. गादीवर आला त्याचा तरुण पुत्र लिहोलिहो. राजमाता केओपुओलानी आणि दिवंगत राजाची प्रभावी राणी काआहुमानू यांनी जुने निर्बंध संपवण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात कैलुआ येथील मेजवानीत पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक अशी दोन मेजे मांडली होती. राजा काही काळ घुटमळला आणि मग स्त्रियांच्या मेजावर जाऊन बसला व जेवू लागला. या घटनेला 'आइ नोआ', म्हणजे मुक्त भोजन, असे म्हणतात.

७/
या कृतीचे मोल रक्ताने चुकवावे लागले. राजाचा चुलतभाऊ केकुआओकालानी जुन्या धर्माच्या रक्षणार्थ उभा राहिला. त्याच वर्षी कुआमोओच्या लढाईत तो पडला आणि त्याच्यासोबत लढणारी त्याची पत्नी मानोनोही पडली. एक गोष्ट आवर्जून नोंदवावी: पहिले अमेरिकन मिशनरी हवाईत पोहोचले १८२० मध्ये. म्हणजे पंक्तिभेद मोडला तो हवाईच्याच माणसांनी, आपसांतल्या संघर्षातून. पाद्री त्यानंतर आले.

८/
आता जाहिरातीतला 'पारंपरिक' हा शब्द पुन्हा वाचा. स्त्रिया, पुरुष, मुले एकत्र बसून डुकराचे मांस आणि नारळाची मिठाई खात आहेत, हे आज लुआउचे सर्वांत ठळक चित्र. पण हे चित्रच मुळी परंपरा मोडून जन्माला आलेले आहे. 'सर्वांत प्राचीन तो सर्वांत अस्सल' ही कसोटी लावली, तर जगातला एकही लुआउ उत्तीर्ण होणार नाही.

९/
पुढच्या काळात हीच मेजवानी राज्याच्या अभिमानाचे चिन्ह झाली. १८४३ मध्ये एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने हवाई बळकावले होते. काही महिन्यांनी, ३१ जुलैला, सार्वभौमत्व परत मिळाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १८४७ मध्ये तिसऱ्या कामेहामेहाने नुउआनू खोऱ्यातील आपल्या ग्रीष्मनिवासात मेजवानी दिली. पाहुणे सुमारे १०,०००. नोंदीनुसार २७१ डुकरे, ६०२ कोंबड्या आणि पोईने भरलेली ४८२ मोठी भांडी लागली. पोई म्हणजे अळूचे कंद शिजवून, कुटून केलेला लगदा. हवाईचे ते मुख्य अन्न.

१०/
ताटही इतिहासाबरोबर बदलत गेले. 'लोमी सामन' हा आज लुआउचा अविभाज्य पदार्थ. पण सामन मासा हवाईच्या समुद्रातला नव्हेच. तो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून खारवून पिंपांतून आला. 'चिकन लाँग राइस'मधल्या काचेसारख्या शेवया चिनी स्थलांतरितांनी आणल्या. भट्टीत जाळले जाणारे किआवेचे लाकूडही एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या वृक्षाचे. मिरची, बटाटा आणि टोमॅटो यांच्याविना स्वयंपाक न करणाऱ्या आपण या पदार्थांना 'भेसळ' म्हणू नये.

११/
नृत्याची कथा अधिक कठोर आहे. ख्रिस्ती झालेल्या काआहुमानूने १८३० मध्ये सार्वजनिक हुलावर बंदी घातली. पुढे त्यावर परवान्याचे निर्बंध आले. राजा कालाकाउआने १८८३ च्या राज्याभिषेक सोहळ्यात आणि १८८६ च्या आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी हुलाला पुन्हा मानाने दरबारी बोलावले. १८९३ मध्ये त्याची बहीण राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यात आले, १८९६ च्या कायद्याने शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्याला जोडून घेतली.

१२/
त्यानंतर आला पर्यटक. १९३७ पासून होनोलुलूत 'कोडॅक हुला शो' चालू झाला. छायाचित्रे नीट यावीत म्हणून तो दिवसा, सूर्यप्रकाशात होई. तो २००२ पर्यंत चालला. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले, जेट विमाने आली आणि लुआउला वेळापत्रक मिळाले: गळ्यात हार, भट्टी उघडण्याचा विधी, भोजन, नृत्य, शेवटी अग्नी.

१३/
शेवटच्या त्या अग्निनृत्याची गंमत ऐका. पेटते शस्त्र फिरवण्याचे हे नृत्य हवाईचे नव्हे, सामोआचे. सामोआत शस्त्र फिरवण्याची परंपरा जुनी आहे. तिला आग लावली फ्रेडी लेतुली या कलावंताने, १९४६ मध्ये, तीही सॅन फ्रान्सिस्कोत. ही कल्पना तेथे अग्नी गिळणाऱ्या एका हिंदू कलाकाराला पाहून सुचली, असे सांगितले जाते. तेव्हा 'प्राचीन हवाईयन अग्निनृत्य' असे कोणी सांगू लागल्यास सावध व्हावे. अग्निनृत्य दाखवण्यात काही गैर नाही. सामोआचे नाव गाळणे गैर आहे.

१४/
येथवर वाचून 'म्हणजे सगळा बाजारच' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो काढता येत नाही, आणि त्याला घरचे कारण आहे. माझे काका सिंधुदुर्गात दशावतारात काम करतात. जत्रेतला खेळ पालखीनंतर सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. संवाद लिहिलेले नसतात, ते रंगमंचावर सुचतात. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरील एका रिसॉर्टने पाहुण्यांसाठी वीस मिनिटांचा दशावतार मागितला. काका गेले, आणि अजूनही जातात.

१५/
घरात यावरून वाद झाला. आजी म्हणाली, देवाची कला हॉटेलात नेलीस. काका म्हणाले, "पावसाळ्याचे चार महिने पेटारा बंद असतो, पोट नव्हे." त्या वीस मिनिटांत त्यांना सर्वाधिक खटकते ते लांबीचे कमी होणे नव्हे. निवेदक प्रत्येक वेळी त्यांना 'गोव्याचे लोकनर्तक' म्हणून पुकारतो, हे त्यांना खुपते. लुआउ निवडताना माझ्या मनात हे वाक्य होते. कला विकली जाते की नाही, यापेक्षा ती कोणाच्या नावाने आणि कोणाच्या तोंडून विकली जाते, हे महत्त्वाचे वाटू लागले.

१६/
आता पुन्हा अळूकडे येऊ. हवाईच्या सृष्टिकथेत आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचे पहिले अपत्य मृत जन्मले. त्याला जिथे पुरले, तिथून अळूचे रोप उगवले. त्यांचे दुसरे अपत्य म्हणजे मानवांचा पूर्वज हालोआ. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. कुटुंबासाठीचा हवाईयन शब्द 'ओहाना' हादेखील अळूच्या फुटव्यावरून, 'ओहा'वरून, आला आहे.

१७/
ही कथा केवळ व्यासपीठावर सांगण्यापुरती उरलेली नाही. हवाई विद्यापीठाने अळूच्या तीन संकरित वाणांवर पेटंट घेतले होते. थोरल्या भावाची मालकी कोणाची कशी असू शकेल, असा प्रश्न शेतकऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी उभा केला. २००६ मध्ये विद्यापीठाने ती पेटंट सोडून दिली.

१८/
अळूला वाहते, थंड पाणी लागते. हवाईच्या भाषेत पाणी म्हणजे 'वाई' आणि संपत्ती म्हणजे 'वाईवाई'. साखरेच्या मळ्यांनी नेमके हेच पाणी वळवले. ओआहूवरील वाइआहोले परिसराचे पाणी १९१६ पासून डोंगर पोखरून पलीकडच्या उसाकडे नेले जात होते. तेथील साखर कंपनी १९९५ मध्ये बंद पडली, तेव्हा पाणी ओढ्यांना परत मिळावे यासाठी लढा झाला. २००० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही सार्वजनिक ठेव असल्याचा निर्वाळा दिला. ताटातल्या हिरव्या पानामागे एवढा इतिहास आहे.

१९/
या वाचनानंतर मी चार लुआउ-आयोजकांना तीन प्रश्न ई-मेलने पाठवले:
अ) तुमच्या कार्यक्रमातील कोणते नृत्य कोणत्या बेटसमूहाचे, हे प्रेक्षकांना सांगता का?
आ) हुला सादर करणारे कोणत्या गुरूंचे शिष्य आहेत?
इ) पोईचे आणि लुआउचे अळू कोठून येते?
किती वर्षे जुने आहात, हे विचारले नाही.

२०/
एकाचे उत्तर आलेच नाही. दुसऱ्याने तिकिटांच्या सवलतीचा दुवा पाठवला. तिसऱ्याने प्रांजळपणे कळवले की त्यांचा कार्यक्रम संपूर्ण पॉलिनेशियाचा आहे आणि तसेच जाहीर केले जाते. चौथ्याने गुरूंचे नाव, मंत्रगीतांचा विषय आणि अळू पिकवणाऱ्या खोऱ्याचे नाव, असे सगळे लिहिले. शेवटी 'तुमच्याकडे अळू कसे खातात?' असा उलट प्रश्नही विचारला. तिकिटे तेथली काढली. हा जाहिरातीचा धागा नसल्याने नाव देत नाही.

२१/
संध्याकाळ झगमगाटाची नव्हती. सुरुवातीला दुधी भोपळ्यासारख्या फळाच्या कवचाचे वाद्य, 'इपू', घेऊन एक प्रौढ स्त्री बसली आणि हवाईयन भाषेत मंत्रगीत म्हणू लागली. भाषांतर नंतर आणि थोडक्यात. पोई मावशीला मुळीच रुचली नाही. लुआउची वाटी मात्र तिने दोनदा घेतली आणि "यात चिंच आणि शेंगदाणे हवे होते," असा अभिप्राय दिला. वाढणाऱ्या मुलीने चिंच कशासाठी, असे विचारले. घशाची खाज टाळण्यासाठी, हे सांगताच ती हसली: ते पाने तासन् तास शिजवतात, त्याचे कारणही हेच.

२२/
अर्थात तिकिटाचा लुआउ हा लुआउचा केवळ एक प्रकार. हवाईतील कुटुंबांत मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आजही मोठा लुआउ करतात. बाहेरून आलेल्या रोगांनी लाखांच्या घरातील हवाईयन लोकसंख्या १८९० पर्यंत सुमारे ४०,००० वर आणली होती. अशा काळात मूल एक वर्षाचे होणे हीच उत्सवाची गोष्ट होती. ही मेजवानी कोणत्याही संकेतस्थळावर विकत मिळत नाही. तिथे आमंत्रणच लागते.

२३/
तेव्हा सुटीत लुआउ निवडायचा असेल, तर 'पारंपरिक' हा शब्द वाचून थांबू नका. वरील तीन प्रश्न विचारा. शाळा आणि चर्च निधी जमवण्यासाठी लुआउ करतात, त्यांचीही चौकशी करा. तिथे रोषणाई कमी आणि शेजारी अधिक असतात. बेटावर पोहोचल्यावर एक सकाळ अळूच्या पाणथळ शेतासाठी राखून ठेवा. रात्रीच्या ताटात ते पान आले की ओळख पटेल.

धागा समाप्त. शंका आणि भर घालण्याजोगे काही असल्यास खाली अवश्य लिहावे.