बदलून देतो म्हणाला

"पिल्लू मेलं ना? बदलून देतो, त्यात काय," असं तो दुकानदार म्हणाला, तेव्हा माझी सात वर्षांची लेक माझा हात धरून शेजारीच उभी होती. आता बराच काळ लोटला, पण ते वाक्य आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

तिला प्राणी हवा होता. कुत्र्याला आमचा फ्लॅट लहान आणि मांजराच्या केसांनी सासूबाईंना दमा होतो, म्हणून ससे ठरले. सशाला सोबत लागते, म्हणून दोन. पुण्यातल्या एका दुकानात जाळीच्या खोक्यात तळहाताएवढी पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती. मी वय विचारलं. "दोन महिने पूर्ण." नर की मादी? "दोन्ही माद्या." किती वाढतील? "ही जात एवढीच राहते, ताई." पावतीवर वय लिहून द्या म्हटलं, तर "असं कोणी देत नाही" म्हणाला. तारेच्या तळाचा पिंजरा आणि रंगीत दाण्यांचं पाकीटही त्यानेच गळ्यात मारलं. पांढरीचं नाव लेकीने कापशी ठेवलं, करडीचं भुरी.

चार-पाच दिवसांत कापशीने खाणं सोडलं आणि तिला पातळ जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी तिला हातात घेतलं आणि लगेच म्हणाले, "हे जेमतेम महिन्याचं आहे. आईपासून तोडून आणलंय." सशीण दिवसातून एकदा-दोनदाच, तेही काही मिनिटं, पिल्लांना पाजते. पण त्या दुधामुळे पोटात घातक जंतू माजत नाहीत. गवत पचवण्याची ताकद हळूहळू येते. मधेच दूध तुटलं, प्रवास झाला, खाणं बदललं की पोट बिघडतं आणि इतकं लहान पिल्लू बघता बघता हातचं जातं. कापशी त्याच रात्री गेली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. पैसे परत मागायला नव्हे, मला उत्तर हवं होतं. दोन महिन्यांचं आहे असं धडधडीत खोटं का सांगितलंत? तो आधी म्हणाला, माल वरून येतो, आम्हाला काय माहीत. मग म्हणाला, तुम्ही पाणी जास्त पाजलं असेल. मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. तेव्हा तो मोकळेपणाने बोलला, "ताई, मोठी झाली की कोणी घेत नाही. लहान असली की पोरं हट्ट धरतात." आणि मग ते वाक्य. मागच्या खोक्यात नवीन पिल्लं आलेली होती, तितकीच लहान. लेक तिथे काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने विचारलं, "मग भुरीलापण बदलता येतं?"

2018 पासून पेट शॉपसाठी केंद्राचे नियम आहेत. त्यांत कुत्र्या-मांजरांसोबत ससाही नावानिशी आहे आणि दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पण दुकानात शिरताना ते प्रमाणपत्र कोण मागतं? गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून दुकानदाराचं फावतं.

भुरी वाचली, आणि चार महिन्यांची झाल्यावर ती नर निघाली. तिचा भुऱ्या झाला. सशीण महिन्याभरात विते. दोघं वाढली असती तर घरात काय झालं असतं, याचा विचार त्या दुकानदाराने केला असेल का? भुऱ्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. पुढे परगावी निघालेल्या एका कुटुंबाकडून वयात आलेली मादी आणली आणि आधी जाळीच्या आडून दोघांची ओळख होऊ दिली.

तारेच्या तळाने सशाच्या पायांना जखमा होतात, म्हणून पिंजरा भंगारात दिला. हॉलच्या कोपऱ्यात कुंपण घालून जुनी सतरंजी अंथरली, कारण फरशीवर त्यांचे पाय घसरतात. विजेच्या वायरी पाइपात घातल्या. बाल्कनीत त्यांना अजिबात सोडत नाही. मे महिन्यात तिथे ससा उष्माघाताने मरेल. त्या दिवसांत घरातच गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवते, ती दोघं तिला टेकून पसरतात. खायला मुख्यतः गवत, कारण त्यांचे दात जन्मभर वाढतात आणि गवतानेच झिजतात. धुतलेली हरळी त्यांना फार आवडते. गाजर मात्र क्वचित, त्यात साखर असते.

कापशी गेली तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की लहान मुलाला ससा देऊच नये. उचलला की तो घाबरतो, इतक्या जोरात लाथ मारतो की स्वतःचाच कणा मोडू शकतो. हे सगळं खरंच आहे. तरीही माझी लेक त्यांना न उचलता जमिनीवर पालथी पडून वाट बघायला शिकली, आणि भुऱ्या आपणहून येऊन तिच्या कोपराला नाक लावतो. त्यामुळे आता मी तितक्या ठामपणे नाही म्हणत नाही.

एवढंच सांगते. पिल्लू स्वतः गवत खाताना डोळ्यांनी बघा, बूड कोरडं आणि स्वच्छ आहे ना ते पाहा, नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, पावतीवर वय लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला, तर मूल कितीही रडलं तरी रिकाम्या हाताने बाहेर पडा. नीट ठेवलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. तेवढी वर्षं त्याचं करायची घरातल्या मोठ्या माणसाची तयारी असेल, तरच त्याला घरी आणा.