शोरूमची पायरी

आमच्या वस्तीत मोटारगाडी ही आता अगदीच नवलाची बाब राहिलेली नाही. गल्लीच्या तोंडाशी दोन-चार उभ्या दिसतात. त्यातल्या काही भाड्याने चालणाऱ्या, काही कुणाच्या साहेबाच्या. पण घरच्या पैशाने कोरी गाडी घ्यायची म्हणून शोरूमची पायरी चढणारे आमच्यात अजून थोडेच. तिथे गेल्यावर काय विचारावे, काय तपासावे, हे सांगणारे घरात कुणी नसते. शेजारच्याला विचारावे तर त्याने रिक्षा घेतली तीही जुनी. म्हणून आमच्या घरी २०२४ साली गाडी आली तो व्यवहार इथे मांडत आहोत. कुणाला उपयोगी पडला तर बरेच.

आम्ही म्हणजे आबा, माई, आम्ही दोघे आणि दोन मुली. मुक्काम नाशिकरोड. आबांनी एसटीत एकोणतीस वर्षे ड्रायव्हरची नोकरी केली. घाट, मुक्कामी गाड्या, पंढरपूरच्या जादा गाड्या, सारे झाले. पण स्वतःच्या मालकीची म्हणाल तर एक सायकल. माईचे दोन्ही गुडघे गेलेले. शेअर रिक्षात चढताना तिला दोघांनी धरावे लागे, आणि रिक्षावाला मागून हॉर्न वाजवून घाई करी. एक दिवस आबाच म्हणाले, "फंडातले दोन लाख राहिलेत. ते मी मेल्यावर वाटून घेण्यापेक्षा हिला नीट बसून दवाखान्यात जाऊ द्या." त्यावर घरात कुणाचा वाद उरला नाही.

आम्ही गेलो ते पितृपंधरवड्यात. हे मुद्दाम. आमचा एक पुतण्या दुसऱ्या शहरात एका शोरूममध्ये सेल्समन आहे, त्याने सांगून ठेवले होते : "काका, दसऱ्याला गर्दीत कुणी तुमच्याकडे बघायचं नाही. पितृपक्षात या. त्या पंधरा दिवसांत लोक गाडी घ्यायला भितात, आम्ही माशा मारत बसतो. आणि महिनाअखेर गाठा, टार्गेट पुरं करायचं असतं." २०२४ चा पितृपंधरवडा १८ सप्टेंबरला लागला होता. ज्यांना या दिवसांचे भय नाही त्यांनी याचा लाभ का घेऊ नये, असे आमचे मत आहे.

शोरूम महामार्गालगतचे. काच, थंडगार हवा, मध्ये उजेडात ठेवलेली गाडी. आत जाताच आमच्या चपलांकडे नजर गेली ती आम्हाला कळली. (पुतण्या म्हणतो, हे त्यांना शिकवलेले नसते, पण आठ दिवसांत येते.) तरी जो मुलगा आमच्या वाट्याला आला तो तेवीस-चोवीसचा, बोलायला नम्र. एकच गोष्ट खटकली. तो सगळे आम्हाला सांगत होता, आबांना नाही. आबा म्हणजे सोबत आलेले म्हातारे माणूस, असा त्याचा समज. आबांनी काही म्हटले नाही. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले.

मग कोटेशन आले. ते आम्ही तिथे वाचून सोडले नाही, घरी आणले आणि थोरली मुलगी वही घेऊन बसली. गाडीची शोरूम किंमत ५,२०,०००. त्याखाली आरटीओ ६६,५००, विमा ३३,५००, हँडलिंग ७,५००, 'आवश्यक किट' १८,९००. एकूण ६,४६,४००. आता एकेक बघा.

आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला तेव्हा ११ टक्के कर होता. म्हणजे ५७,२००. नोंदणीचे ६००, कर्जाची नोंद करायचे १,५००, वर कार्ड आणि उपकर. सगळे धरूनही साठ हजारांच्या थोडे वर जाते. उरलेले पाच हजारांवर पैसे कशाचे, हे कागदावर कुठेच नव्हते. विम्यातही तेच. मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता सरकार ठरवते, तो सगळीकडे सारखा. एक हजार सीसीपर्यंतच्या नव्या गाडीला तीन वर्षांचा मिळून तेव्हा ६,५२१ रुपये होता, अधिक जीएसटी. फरक पडतो तो गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तोच विमा, गाडीची किंमत तेवढीच धरून, झीरो डेपसकट, बाहेर आम्हाला २५,८०० ला मिळाला. विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती करता येत नाही. २०१७ साली विमा नियामकाने विक्रेत्यांसाठी जे नियम केले त्यांतही गिऱ्हाइकाची ही मोकळीक आहे. 'आवश्यक किट' म्हणजे सीटकव्हर, मॅट, मडफ्लॅप आणि एक सुगंधी डबी. त्यात आवश्यक काय, ते माईने विचारले. मुलगा हसला.

हँडलिंगबद्दल आम्ही भांडलो नाही. मॅनेजरला एवढेच म्हटले, की साडेसात हजार भरतो, पण ते कशाबद्दल घेतले हे शिक्क्याच्या कागदावर लिहून द्या. दोन वेळा आत-बाहेर झाले आणि ती ओळ कोटेशनमधून गेली. लेखी मागणे ही गोष्ट आपल्या लोकांनी लाजून सोडू नये. ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कच नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये. आमच्यावर तिथवर जायची पाळी आली नाही.

खरी गाठ पडली ती कर्जाशी. चार लाखांचे कर्ज हवे होते. शोरूममध्येच एका खासगी फायनान्स कंपनीचा माणूस टेबल टाकून बसलेला. पगाराच्या चिठ्ठ्या बघितल्या, मान हलवली, सगळे ठीक. मग पत्ता वाचला. वस्तीचे नाव वाचल्यावर पेन खाली ठेवले आणि म्हणाला, "हा एरिया आमच्याकडे बसत नाही." का बसत नाही, ते सांगेना. सिस्टीम घेत नाही, म्हणे. पगार बसतो, कागद बसतात, माणूस बसतो. राहतो ती जागा बसत नाही.

बाबासाहेबांना १९२९ साली चाळीसगावला टांगा मिळाला होता. टांगेवाला मात्र तो हाकायला बसला नाही. ज्याला हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्याच माणसाने हाकला आणि पुलावर बाबासाहेब फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. आम्ही घरी येताना बसमध्ये आबा हीच गोष्ट सांगत होते. आज कुणी गाडी नाकारत नाही, काचेचे दार उघडून 'या सर' म्हणतात. पिनकोडवर येऊन काम थांबते. तो माणूस मनाने वाईट होता असे आम्हाला वाटत नाही. त्याच्या पुढ्यातल्या यादीत आमची वस्ती नव्हती, आणि ती यादी करणारा कुठल्या शहरात बसतो हे त्यालाही ठाऊक नसावे.

लगेच दुसरी कंपनी पुढे आली. ती देणार होती, "फक्त सात टक्के फ्लॅट". सात टक्के ऐकायला गोड. थोरलीने हिशोब मांडला. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षे पुऱ्या चार लाखांवर व्याज. पाचव्या वर्षी बहुतेक मुद्दल फिटलेले असते, तरी व्याज चार लाखांवरच. वर्षाला २८,०००, पाच वर्षांचे १,४०,०००. हप्ता ९,०००, एकूण परतफेड ५,४०,०००. उरलेल्या मुद्दलावर आकारणी धरली तर हाच दर साडेबारा टक्के पडतो. बँकेत जे दर सांगतात ते उरलेल्या मुद्दलावरचे असतात, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून कधी तुलना करू नये. हप्ता किती आणि किती महिने, एवढेच विचारावे व गुणाकार करावा.

आमचा कारखान्याचा पगार बावीस वर्षे एका सरकारी बँकेत जमा होतो. तिथे गेलो. तिथला अधिकारी पत्ता वाचून अडला नाही, कारण तो पत्ता त्यांच्या वहीत बावीस वर्षे होताच. आठ दिवस लागले, तीन खेपा झाल्या, एका कागदावर सही राहिली म्हणून परत बोलावले. पण ९ टक्के दराने, उरलेल्या मुद्दलावर. हप्ता ८,३०३. पाच वर्षांत ४,९८,००० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ ४२,००० रुपये वाचले, माईच्या एका गुडघ्याच्या खर्चाला हातभार लागेल एवढे. बँकेने कर्ज नाकारले तर कारण लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ साली सर्व प्रकारच्या कर्जांसाठी बँकांना बजावले आहे. तोंडी 'बसत नाही' ऐकून घरी येऊन गप्प बसणारे आपल्यात फार आहेत, म्हणून हे लिहिले.

गाडी बघायचा दिवस मात्र आबांचा. पैसे भरण्याआधी नेमकी जी गाडी देणार ती दाखवा, असा त्यांनी हट्ट धरला. शोरूममागच्या मोकळ्या यार्डात नेले. मुलगा रंग, टेप, काचा दाखवत होता आणि आबा चष्मा लावून चाकाशी उकिडवे बसले. "काका, काय बघता?" आबा म्हणाले, "वय बघतो." टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर ४४२३. म्हणजे टायर २०२३ च्या नोव्हेंबरच्या सुमाराचे. मुलगा म्हणाला टायर जुने असतील, गाडी नवी आहे. आबा म्हणाले, "असेल बाबा. मग चासी नंबर काढ, आणि नमुना २१ वर महिना-वर्ष काय लिहिणार ते आत्ता सांग." नमुना २१ म्हणजे विक्रीचा दाखला. त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष लिहावेच लागते, आणि ते पुढे आरसी बुकावरही येते.

गाडी २०२३ च्या नोव्हेंबरची निघाली. दहा महिने ऊन-पावसात उभी. नवी म्हणूनच विकली जाणार होती. पण उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक तिला एक वर्ष जुनी धरणार. मॅनेजरने पंचवीस हजार कमी करतो म्हटले. आबांनी मान हलवली. त्यानंतर मात्र तो मुलगा जे काही सांगायचे ते आबांकडे तोंड करून सांगू लागला. चार दिवसांनी ऑगस्ट २०२४ ची गाडी आली. आबांनी तीही पूर्ण तपासली : स्टेपनी, जॅक, दोन्ही किल्ल्या, दारांच्या फटी सारख्या आहेत का, मीटरवर किती किलोमीटर. अडतीस होते. चालेल, म्हणाले. मॅट आणि मडफ्लॅप महिनाअखेरच्या खुशीत फुकट मिळाले.

आता पुतण्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिहिणे एकांगी होईल. त्याच्या हाती महिना चौदा हजार येतात. बाकी सारे इन्सेन्टिव्हवर. नुसती गाडी विकून त्यात फार पडत नाही. लहान गाडीवर मालकालाही थोडेच सुटते. कमाई विमा, फायनान्स, किट आणि पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये. सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाला विचारतात, विमे किती, फायनान्स किती. आम्ही कर्ज बाहेरून आणले, विमा बाहेरून आणला, किट नाकारले. आमचे जे हजार वाचले त्यातले काही शे त्या नम्र पोराच्या खिशातून गेले असणार, हे आम्हाला दिसत होते. पुतण्याला तसे फोनवर म्हटले. तो म्हणाला, "बाहेरूनच घ्या काका, तुमचा पैसा कष्टाचा आहे. फक्त त्या पोराशी गोड बोला. आणि कंपनीचा फोन येईल, दहापैकी किती मार्क म्हणून. नऊ दिले तरी आमचा पगार कापतात. दहा सांगा."

गाडी तीस सप्टेंबरला मिळाली. नारळ, हार, कुंकू, चाकाखाली ठेवायची चार लिंबे, सगळी तयारी शोरूमनेच केलेली. आबांनी हार तेवढा घेतला. नारळ, कुंकू नको म्हटले, तर मुलाने न विचारता बाजूला ठेवले. लिंबे माईने पदरात घेतली. त्या संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना सरबत मिळाले. दसऱ्याला, बारा ऑक्टोबरला, आबा माईला येवल्याला मुक्तिभूमीवर घेऊन गेले. माई पुढच्या सीटवर. परतताना एका एसटीने त्यांना मागे टाकले, तर आबांनी तिचा डेपो ओळखला आणि मग घरी येईपर्यंत त्या डेपोच्याच गोष्टी.

यानंतर वर्षभराने, २२ सप्टेंबर २०२५ पासून, १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २९ टक्क्यांवरून १८ वर आला. तेव्हा आमचा ५,२०,००० चा आकडा कुणी धरून चालू नये. जायच्या दिवशीचा भाव नव्याने लिहून घ्यावा.

कंपनीचा तो फोन महिन्याभराने आला. पलीकडे एक मुलगी होती. आबांनीच घेतला. तिने विचारले, खरेदीच्या अनुभवाला दहापैकी किती? आबा म्हणाले, "पोराला दहा." ती म्हणाली, "धन्यवाद सर." आबा म्हणाले, "थांब. जुनी गाडी नवी म्हणून दाखवली, त्याचे मार्क कुठल्या रकान्यात द्यायचे?" तिने थोडा वेळ शोधले आणि म्हणाली, तसा रकाना नाही सर.